ओ, तिरपी रेघ, दोनदा के आणि झेड

गजभिये सरांनी कुणाला मनापासून पास केलं असेल यावर माझा विश्वास नाही. मला तर नाहीच. टायपिंगच्या परीक्षा सरकार घेत होतं, म्हणून वर्ध्यातले निम्मे कारकून नोकरीला लागले. सरांच्या हाती असतं तर जिल्ह्याचा पत्रव्यवहार आजही बोरूनंच चालला असता.

स्टेशनच्या रस्त्यावर, औषधाच्या एका दुकानाच्या माडीवर त्यांची इन्स्टिट्यूट होती. नव्वदच्या सुमाराला तिथे सकाळी सहापासून असा खडखडाट चाले की खालच्या दुकानात डोकेदुखीच्या गोळ्या चांगल्या खपायच्या. सर आमच्याकडे पाठ करून खिडकीशी बसत. बारा महिने राखाडी सफारी, खिशाला एक काळं आणि एक लाल पेन. डोळे रस्त्यावर आणि कान आमच्यावर. कुणाचं बोट कोणत्या कळीवर पडलं, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळे. मागे न बघता म्हणायचे, "बोरकर, 'व' मारायचा होता, 'ब' काऊन मारला?" मी कागदाकडे पाहायचो. तिथे 'ब'च असायचा. दहा-बारा मशीनच्या गदारोळातून त्यांनी तो नेमका उचललेला असे.

"कळीकडे पाहू नको ना बाबू," ते म्हणत. "हाताकडे पाहून जेवतं का तू?"

तपासलेल्या कागदाखाली ते लाल पेनानं 'अनुत्तीर्ण' असं पूर्ण लिहीत, 'नापास' कधीच नाही. त्याचं कारणही त्यांच्याकडे होतं. "नापास म्हटलं की पोरगं हासते. अनुत्तीर्ण म्हटलं की घरी जाऊन अर्थ इचारते."

मग कॉम्प्युटर आले आणि माडी रिकामी झाली. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. सरांनी दोन कॉम्प्युटर आणले, काही वर्षं त्यांच्यावरच मराठी टायपिंग शिकवलं, आणि तेही ओसरल्यावर आपल्या तुच्छतेला नवं काम शोधून दिलं. जिन्यापाशी पाटी लागली: 'वेबसाइट तपासून मिळेल. खोटे कौतुक केले जात नाही.'

दोन हजार सालानंतरचे ते दिवस होते. वेबसाइट म्हणजे तेव्हा दारातली चारचाकी होती. चालवता येवो न येवो, उभी असली पाहिजे. मंगल कार्यालयाची वेबसाइट, पतसंस्थेची वेबसाइट, एका वैद्यबुवांची तर अशी की उघडल्याबरोबर सनई वाजे आणि पान मिटलं तरी थांबत नसे. नागपूरची पोरं येत, दोन गुलाब आणि एक सरकती पट्टी लावून देत आणि मालक जन्माचं सार्थक झाल्यासारखा खुर्चीत मागे रेलून बसे. जगानं आता आपल्याला पाहिलं, असं त्याला वाटे. जगाला त्याचा पत्ताही नसे.

सरांची तपासायची रीत एकच होती. वेबसाइटचा पत्ता ते कधी टाइप करत नसत. मालक कौतुकानं पत्ता सांगू लागला की हात वर करून म्हणत, "थांबा. ज्याले पत्ता मालूम आहे तो घरचाच. मी परका मानूस आहो. मले फक्त एवढं मालूम आहे की मले अमुक वस्तू पायजे." मग ते सर्चच्या चौकटीत परक्या माणसासारखे शब्द टाकत आणि पहिल्या पानापासून खाली खाली जात. मालकाचं नाव काही येत नसे. तिसरं पान, चौथं पान. मालकाला घाम. सर शांत.

"दिसते झ्याक," ते शेवटी म्हणत. "सापडत नाई."

चहाचाही त्यांचा नियम होता. वेबसाइट सापडली तरच चहा. नापास घरचा चहा ते घेत नसत. माझ्या माहितीत त्या सगळ्या वर्षांत त्यांनी कुणाकडे घोटभरही घेतला नव्हता.

सिंदी रेल्वे या गावच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे मी त्यांच्यासोबत गेलो होतो. शेठजींच्या वेबसाइटच्या तळाशी, किती लोक येऊन गेले ते दाखवणारा आकडा होता आणि तो बराच फुगलेला होता. चौकशी केली तेव्हा कळलं की शेठजी रोज पूजा आटोपली की पान वीसदा उघडून मिटत. मग सूनबाई उघडत. दुपारी मुनीम.

"अन् बाहेरचा कोनी?" सरांनी विचारलं.

"आता होगा ना, सर."

सरांनी माऊस दाबून पानाच्या वरपासून खालपर्यंत ओढला. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत लपवलेला मजकूर एकदम निळ्या पट्ट्यात उजळून निघाला. त्यात सिनेमातल्या तेव्हाच्या सगळ्या नट्यांची नावं होती. एकेक नाव चाळीस-चाळीसदा. दाराशी शेठाणी उभी होती, तिच्यामागे सून.

"शेठजी," सर म्हणाले, "ह्या समद्या तुमच्या जिनिंगमंधी कवापासून कामाले लागल्या?"

"वो लडका बोला था, इससे साइट ऊपर आती," शेठजी पुटपुटले.

"ज्याले कापूस पायजे तो ह्याइले शोधत नाई. जो ह्याइले शोधते त्याले कापूस नाई पायजे. तुमी कोनाची वाट पाहून राह्यले?" एवढं बोलून सरांनी लाल पेन काढलं. शेठाणी चहा न विचारताच आत गेली, त्यामुळे तो नाकारायचा प्रश्नच आला नाही.

हे सगळं मी हसत हसत पाहत असे. मग अवदसा आठवली आणि त्यांना मी आमच्याच संस्थेत घेऊन गेलो.

आमची शिक्षणसंस्था म्हणजे दोन हायस्कूलं, एक कॉलेज आणि सेलू तालुक्यात हायवेपासून आत, ऐकू न येणाऱ्या मुलांची एक निवासी शाळा. मी तिथे हेडक्लार्क. अध्यक्ष दादासाहेब. या माणसाबद्दल काय सांगावं? उद्घाटनाशिवाय त्यांचा दिवस मावळत नसे. वेबसाइट त्यांच्या पुतण्यानं बनवली होती. तिच्या उद्घाटनाला त्यांनी माऊसला हळदकुंकू वाहिलं आणि कॉम्प्युटरसमोर नारळ फोडला. पाणी उडालं आणि मशीन दोन दिवस बंद राहिलं. पुढे बाहेरची समिती संस्था तपासायला यायची होती. 'संकेतस्थळ तज्ज्ञाकडून तपासून घेतले' असा कागद फाइलला हवा होता. तज्ज्ञ म्हणून मी गजभिये सरांचं नाव सुचवलं.

सर आले त्या दिवशी निवासी शाळेच्या मुख्याध्यापिका सुनंदा मून दादासाहेबांच्या दालनाबाहेर बसून होत्या. त्यांच्या शाळेत अकरा मुलं उरली होती. जूनअखेर पंधरा झाली नाहीत तर शाळा बंद करून इमारतीत बी.एड.चं वसतिगृह काढायचं, असं दादासाहेबांनी ठरवून टाकलं होतं. मून बाई सुट्टीच्या दिवशी एसटीनं गावोगाव फिरत, अंगणवाडीत विचारत, "तुमच्याकडे न बोलणारं मूल आहे का?" लोक नाही म्हणत. ज्यांच्या घरी होतं ते जोरात नाही म्हणत.

सर दादासाहेबांच्या खुर्चीशेजारी बसले आणि सर्चच्या चौकटीत परक्या माणसासारखं टाइप करू लागले. बहिऱ्या मुलांची शाळा, वर्धा. इंग्रजी अक्षरांत मराठी टाकलं, सरळ इंग्रजीतही टाकलं. पहिलं पान झालं, पाचवं झालं. पुतण्या मध्येच म्हणाला, "सर, डायरेक्ट अ‍ॅड्रेस टाका ना, मस्त दिसते."

"मस्त दिसते ते मालूम आहे," सर म्हणाले. मग त्यांनी पत्त्यावरून पान उघडलं. वर दादासाहेब, त्याखाली दादासाहेब मंत्र्यांसोबत, त्याखाली दादासाहेब झाड लावताना. निवासी शाळा तळाशी, सरकत्या पट्टीत. नीट वाचेपर्यंत पळून जायची.

"हे फोटो काऊन एवढे?"

"लोकांना दिसावं म्हणून," दादासाहेब म्हणाले.

"सर्च इंजिन आंधळं असते, दादासाहेब. त्याले फोटो दिसत नाई. तुमचाबी नाई."

सरांनी कळ दाबून पानाच्या पोटातला मजकूर उघडला. बाहेरून सुरेख मराठी दिसणाऱ्या त्या पानाच्या आत मराठीचं एक अक्षर नव्हतं. नुसती इंग्रजी अक्षरं, टिंबं, रेघा. तेव्हाचे पुष्कळ फॉन्ट तसेच होते. आत टाइपरायटरच्या कळांप्रमाणे इंग्रजी अक्षरं भरायची आणि वरून त्यांना मराठीचा मुखवटा चढवायचा. माणूस मुखवटा वाचतो, सर्च इंजिन आतलं वाचतं.

पुतण्या म्हणाला, "ये तो कचरा है सर, कोडिंग है."

"कचरा नाई." सर पडद्यापाशी वाकले. "ओ, तिरपी रेघ, दोनदा के आन् शेवटी झेड. हे वर्धा आहे." आणि मग तो माणूस तो इंग्रजी अक्षरांचा उकिरडा घडाघडा मराठीत वाचू लागला. आमचे ध्येय, आमची वाटचाल, दादासाहेबांचा जीवनप्रवास, सगळं, एकदाही न अडखळता. हजारो पोरांची बोटं ऐकलेला माणूस होता तो. मून बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

वाचून झाल्यावर सरांनी चष्मा पुसला. "दादासाहेब, ही साइट वाचनारे माह्यासारखे बुढे टायपिस्ट जिल्ह्यात चार-दोन असतीन. त्याइले तुमच्या शाळेत भरती व्हायचं नाई." आणि अहवालाच्या कागदावर लाल पेनानं एकच शब्द लिहिला. दादासाहेबांनी चहा सांगितला होता. तो मी प्यायलो.

अहवाल अर्थातच फाइलला लागला नाही. दादासाहेबांच्या सांगण्यावरून मी दुसरा टाइप केला, 'संकेतस्थळ उत्तम' असा, आणि त्यावर पुतण्यानं तज्ज्ञ म्हणून सही ठोकली. हे सांगताना मला लाज वाटते. तेव्हा मात्र जेवण व्यवस्थित गेलं.

मून बाई दुसऱ्याच दिवशी सरांच्या माडीवर गेल्या. शाळेच्या पानाचा कागद घेऊन मीही होतो. सरांनी तो हातात धरून मोठ्यानं वाचला, "'श्रवणबाधित विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासार्थ निवासी विशेष विद्यालय.' बाई, हे कोन शोधते?"

"शासनाचा शब्द आहे सर."

"शासन कायले शोधते तुमाले? मायबाप काय म्हनते ते सांगा. तुमच्या दारात येते तवा पयला शब्द कोनता असते त्याइच्या तोंडी?"

मून बाई म्हणाल्या, "सर, बहिरं तर कुणीच म्हणत नाही. त्यांना ठाऊकच नसतं. ते म्हणतात, मॅडम, पोरगं ऐकत नाई."

सरांनी खणातून वही काढली.

ही त्यांची नेहमीची वही. शहरातल्या सायबर कॅफेंत जाऊन, मालकाच्या परवानगीनं, लोक सर्चमध्ये काय टाकतात ते सर या वहीत उतरवून घेत. माणसाचं नाव नाही, फक्त शब्द. 'केळझर गणपती आरती टाइम.' 'बारावी निकाल जल्दी.' प्रत्येकापुढे लाल पेनात सरांचा शेरा. ही वही ते आम्हाला मोठ्या चवीनं वाचून दाखवत आणि आम्ही पोट धरून हसत असू. सरांनी ती वही आता उघडली आणि पानं उलटू लागले. मी बाजूलाच होतो, मला दिसत होतं.

'मुलगा ऐकत नाही उपाय.' पुढे शेरा: 'दोन ठेवून द्याव्यात.'

'मुलगी ऐकत नाही.' शेरा: 'स्थळ पसंत नसेल.'

'चार वर्षाचा मुलगा ऐकत नाही काय करावे.' शेरा: 'बापाने आधी वळण लावावे. आता यंत्रास काय विचारतो?'

अशा सात-आठ नोंदी होत्या. वात्रट पोरं आणि नालायक मायबाप, असंच सरांनी त्या वाचल्या होत्या, आणि आम्हीही. सरांनी वही मिटली. ती त्यांनी पुन्हा कधी कुणाला वाचून दाखवली नाही.

"बाई," ते म्हणाले, "हेच लिहू. मूल ऐकत नाही. मोठ्या अक्षरात, सर्वांत वर."

दादासाहेबांनी नकार दिला, हे सांगायला नकोच. "मूल ऐकत नाही? आपल्या संस्थेच्या साइटवर? विरोधक म्हणतील, ह्याची पोरंच ऐकत नाहीत. शोभतं का ते?" शोभेपुढे त्या माणसाला काही दिसत नसे.

मग सरांनी इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या जागेवर एक पान स्वतःच उभं केलं. फोटो नाही, गुलाब नाही. 'मूल ऐकत नाही? हाक मारल्यावर वळून पाहत नाही? आधी त्याला ऐकू येतं का ते तपासा.' खाली शाळेचा पत्ता, फोन, आणि लोक जसं लिहितात तशा इंग्रजी अक्षरांत हेच सगळं पुन्हा. खरं मराठी अक्षर आतपर्यंत मराठीच राहावं, म्हणून त्यांना नव्या तऱ्हेचा कळफलक शिकावा लागला. साठीच्या माणसाची पस्तीस वर्षांची बोटं निरुपयोगी झाली. ज्यांनी आम्हाला कळीकडे बघू दिलं नाही ते सर एका बोटानं, कळ शोधत शोधत ते पान टाइप करत होते. चुकलं की स्वतःलाच म्हणत, "बावळट."

एवढ्यानं भागत नव्हतं. "आपनच आपल्याकडे बोट दाखवून काय फायदा? दुसऱ्यानं दाखवलं पायजे," असं म्हणत ते सायकलवरून फिरले. केळझरच्या गणपतीची माहिती कुणी हौसेनं वेबसाइटवर टाकली होती, त्याला गाठून त्यांनी तिथे शाळेच्या पानाचा दुवा लावून घेतला. एका डॉक्टरांच्या पानावर लावून घेतला. रोज वेगळ्या कॅफेत जाऊन, परके होऊन, शोधून पाहत. मे महिना, वर्ध्याचं ऊन, आणि हा माणूस घामाघूम होऊन मला ऑफिसात येऊन सांगे, "बोरकर, चवथ्या पानावर आलं." मग तिसऱ्या. मग दुसऱ्या. "दुसरं पान म्हंजे गावाबाहेरचं दुकान. तिथं कोन जाते?" जून लागला तेव्हा पान पहिल्यावर होतं, तळाशी.

तोवर मून बाईंनी पायपीट करून तीन मुलं आणली होती. चौदा झाली होती. दादासाहेब रोज विचारत, "मग, पंधरावं?" आणि वसतिगृहाच्या रंगाचे नमुने पाहत.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मून बाईंचा ऑफिसात फोन आला. मी सरांना स्कूटरवर घेऊन शाळेत गेलो. त्यांनी सायकल मागे ठेवली नाही, त्याच वाटेनं जाणाऱ्या एका टेम्पोत टाकून आणली. परत येताना कुणाचे उपकार नकोत म्हणून.

व्हरांड्यात वडनेरची एक बाई बसली होती, मांडीशी पाच वर्षांची मुलगी. मुलीचा मामा पुण्याला कंपनीत होता. बहिणीचं गाऱ्हाणं ऐकून त्यानं तिकडच्या कॅफेत टाइप केलं होतं, 'मुलगी ऐकत नाही वर्धा'. आणि पान सापडलं. मून बाईंनी मुलीच्या पाठीमागे उभं राहून थाळी वाजवली. मुलगी समोरच्या चिमणीकडे पाहत राहिली.

आई रडत नव्हती. ती एकसारखी तेच सांगत होती. "हाक मारली तं वळून पाहे नाई. मले वाटलं, मस्ती करून राह्यली. लय मारलं जी मी इले. लय मारलं."

सर खांबाला टेकून उभे होते. त्यांनी वही काढली, लाल पेन काढलं, कुठलंसं एक पान उघडलं आणि उभ्याउभ्याच काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. 'दोन ठेवून द्याव्यात' या आपल्या शेऱ्याखाली त्यांनी लिहिलं होतं: 'गजभिये. अनुत्तीर्ण.'

शाळा वाचली. त्या वर्षीच्या अहवालात 'संस्थेच्या अद्ययावत संकेतस्थळामुळे पटसंख्येत वाढ' असं वाक्य छापलं गेलं, दादासाहेबांच्या फोटोखाली. तेही मीच टाइप केलं. एकही चूक नव्हती.

सर त्याच वर्षी माडी सोडून भंडाऱ्याला लेकीकडे गेले. त्यामुळे शाळेतली ती दुपार हीच माझी त्यांची शेवटची भेट. मून बाईंनी चहा करून आणला होता. सरांचा नियम त्यांना ठाऊक होता, म्हणून हसून म्हणाल्या, "सर, आज तरी घ्या. पान सापडलं ना."

"पान पास झालं, बाई," सर म्हणाले. "तपासनारा नाई. च्या राहू द्या."

त्यांनी सायकल घेतली आणि फाटकाबाहेर पडले. मून बाई कप हातात घेऊन पायरीवरून हाका मारत होत्या, "सर! अहो गजभिये सर!" रस्ता रिकामा होता, वारा सरांच्याच दिशेनं वाहत होता. बारा मशीनमधून एक चुकलेला 'ब' ऐकणारा माणूस तो. त्यांनी वळून पाहिलं नाही. आईच्या मांडीशी बसलेली ती पोरगी तेवढी बाईंच्या उघडमीट होणाऱ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. सरांना ऐकू आलं नाही की त्यांनी ऐकलं नाही, हे मला अजून सांगता येत नाही.